माझ्या कुरकुरीचं कौतुक

मित्रांनो, मी टेकडीवरचा एक जुना बंगला आहे. आता मात्र मला बंगला कुणी म्हणत नाही. मी झालोय रेस्टॉरंट आणि समारंभाचं ठिकाण. तुम्ही जेवायला आलात, तर आधी माझं थोडं ऐकून घ्या, कारण इथे माझं ऐकणारं कुणी नाही.

मला बांधलं एका लाकडाच्या व्यापाऱ्याने. माणूस हौशी आणि तितकाच हट्टी. काळा दगड त्याने गाड्या भरभरून वर चढवला आणि दिवाणखान्यापुढचा सागवानी सज्जा स्वतः समोर उभं राहून बसवून घेतला. त्याचं एक खूळ होतं. दरवर्षी तो सज्ज्यावरून अनवाणी चालायचा आणि एखादी फळी कुरकुरली की लगेच सुताराला बोलावणं धाडायचा.

“घर कुरकुरलं की समजावं, त्याला काहीतरी होतंय,” तो बायकोला सांगायचा.

“मी कुरकुरले की मात्र तुम्हाला ऐकू येत नाही,” ती म्हणायची.

ते दोघे गेले, नातवंडं पांगली आणि मी कितीतरी वर्षं वटवाघळांना आंदण गेलो. मग रेस्टॉरंटवाले आले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी हरखून गेलो होतो. जाळी निघाली, दिवे लागले, माणसांचा आवाज आला. वाचनाच्या खोलीत ताटं धुवायचं यंत्र बसलं, तेही मी गिळलं. म्हटलं, चालायचंच. पण सज्ज्याच्या कडेने त्यांनी मोठमोठ्या कुंड्या मांडल्या आणि त्यांना रोज बदाबदा पाणी घालू लागले. ते मुरून खालची तुळई कुजली. मी कुरकुरू लागलो.

इथल्या मॅनेजरला सगळे वेटर पाठीमागे ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. दारं नीट करायला आलेल्या सुताराने सज्जा दुरुस्त करू का विचारलं, तेव्हा मात्र तो म्हणाला, “हात लावू नका. तो आवाज ऐकायलाच लोक येतात.”

आणि त्याने पाटी लावली : ‘ऐका, वास्तू बोलते आहे.’

आता यावर हसावं की रडावं? बोलतेय खरी, पण काय बोलतेय? मी जितका कण्हायचो, तितके लोक माना डोलवायचे. दुखणं माझं आणि टाळ्या त्याला. मला इतका संताप यायचा, की दगडाला घाम फुटावा.

एकदा एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. फोटोग्राफरने सगळा गोतावळा सज्ज्यावर चढवला. मुलं, सुना, जावई, नातवंडं. “अजून मागे सरका,” तो सांगत होता. तुळई शेवटच्या घटका मोजत होती. जन्मभर माणसांना अंगाखांद्यावर खेळवलं आणि आता त्यांनाच खाली पाडायची पाळी माझ्यावर आली होती. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून करकरलो.

आजी उंबऱ्यातच थांबल्या. “हे बरं नाही वाजत,” त्या म्हणाल्या.

“आई, पाटी वाचा ना,” सून हसली.

“काही नाही होत, आजी. होऊन जाईल,” मॅनेजर म्हणाला.

आजोबांनी शांतपणे खुर्ची ओढली. “ही नको म्हणते तिथे मी पाऊल टाकत नाही. संसार काय उगाच टिकला?” असं म्हणून ते आजींशेजारी दिवाणखान्यात बसले.

आता उत्सवमूर्तींशिवाय फोटो कसला? सगळे धुसफुसत आत आले. शेवटचा जावई उंबरा ओलांडतो न ओलांडतो, तोच सज्जा कुंड्यांसकट खाली गेला. माणसं वाचली म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता तरी सुतार येईल, असं मला वाटलं. आले ते दिवेवाले. तुटक्या तुळईवर पिवळा झोत सोडला आणि लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं कौतुक एक वेळ नाही केलंत तरी चालेल, पण ती कुरकुरली तर विचारा, काय होतंय. आणि हे लवकर करा. दिवाणखान्याचं छत परवापासून कुरकुरतंय आणि त्याच्या बरोबर खाली आज कुणाच्या तरी वाढदिवसासाठी छोट्या खुर्च्या मांडताहेत.