काठाला हात लावू नका

मी सावित्रीच्या खिडकीचा पडदा बोलतोय. जरा हळूच बोलतो, रागावू नका. तुमच्या मागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही, आणि ऐकायला आलेला माणूस नुसतं ऐकायलाच आलेला असतो यावर माझा विश्वास नाही.

हा संशयी स्वभाव माझा जन्माचाच. मी मूळचा शिडाचं कापड. वेळणेश्वरच्या आत्माराम तांडेलाच्या मचव्यावर मी कित्येक वर्षं वारा पोटात घेतला. वारा पाठीवरून हात फिरवता फिरवता कधी थोबाडीत देईल याचा नेम नसतो. एका वादळात त्यानं मला उभं फाडलं. तांडेलानं धड उरलेला तुकडा घडी करून लेकीला दिला. "जाडा हाय, पण टिकंल," एवढंच म्हणाला.

ती लेक म्हणजे सावित्री. रत्नागिरीत मांडवीजवळ गोदूबाईंच्या घरात तिची एक खोली होती. नवरा सखाराम आफ्रिकेच्या बोटीवर खलाशी, वर्ष वर्ष घराबाहेर. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. खारव्याच्या सुनेनं एकटीनं शहरात राहून मास्तरकी करावी हे सासरी कुणालाच रुचलं नव्हतं. पण थोरले दीर श्रीपती बंदरावरच्या गोदामात मुकादम होते. त्यांनी तिच्यावर लक्ष ठेवायचं, या बोलीवर तिला इथं राहू दिलं होतं. खोली सुटली तर शाळा सुटली, हे सावित्री पक्कं जाणून होती.

खोली मात्र काळीकुट्ट. भिंतींना चुलीच्या धुराचा थर, आणि एकुलती एक खिडकी विहिरीच्या वाटेवर. सावित्री जेवायला बसली की पाण्याला जाणाऱ्या बायका गजांतून डोकावून आज कालवण कसलं ते विचारायच्या. बाजारातलं छापील चिटाचं कापड तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मग तिनं मलाच जमिनीवर पसरलं आणि रंगवायला घेतलं.

पहिल्यांदा हळदीची फुलं काढली. ती उन्हानं पार उडून गेली. मग डिंकाच्या पाण्यात गेरू कालवून तांबडी फुलं काढली, आणि कपड्यांच्या निळीचा एक खंड्या पक्षी फांदीवर बसवला. रेघा पक्क्या हव्या होत्या, म्हणून तिनं परटाची युक्ती केली. सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा, निघालेल्या तेलानं रेघ ओढायची आणि वरून चुना फिरवायचा. हाताला आधी खोबरेल चोपडून तिनं खंड्याचा डोळा आणि माझा खालचा जाड काठ असा काळा केला. काठाच्या दुमडीत मात्र चुना पोचला नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तिथला बिब्बा ओलाच राहिला, लागेल त्या कातडीवर फोड आणणारा. म्हणून ती मला सारायची ती काठीनं.

मी खिडकीवर चढलो आणि खोली खरंच हसली. सावित्री कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. मला तिची फार माया वाटली. मला दुसऱ्या कुणाची कधी वाटली नाही.

बाहेर मात्र कुजबूज सुरू झाली.

"खोलीत उजेड हवा म्हनून खिडकी झाकलीस? ह्यो कसला उजेड गो?" गोदूबाई दारातूनच म्हणाल्या. त्या पुढे आल्या तशी सावित्री घाईनं म्हणाली, "गोदूबाय, काठाला हात नको लावू. बिब्बा हाय."

"बिब्बा हाय की आनखी काय बांधलंस काठात?"

कुणी म्हणालं, त्या पक्ष्याच्या डोळ्याला भोक आहे, त्यातून ती वाटेवर पाळत ठेवते. कुणी म्हणालं, नवरा बोटीवर आणि खिडकीला पडदा, यात समजायचं ते समजावं. गंमत बघा, खिडकी सताड उघडी होती तेव्हा तिच्या कालवणाचा संशय होता. झाकल्यावर तिचाच आला.

आणि आषाढात खरोखरच कुणीतरी येऊ लागलं. तिन्हीसांजेला सावित्री दिवा लावायची, तेव्हा बाहेर गजांशी एक माणूस उभा राहायचा. डोक्यावरून पावसाचं इरलं, तोंड दिसत नसे. माझ्या आणि चौकटीच्या मधल्या फटीला तो डोळा लावायचा. त्याचा श्वास माझ्या अंगावर यायचा, तपकिरीच्या वासाचा. मला धाकू पाणक्याचा संशय आला, तोही इरलं घेऊन विहिरीवर असे. मग समोरच्या कारकुनाचा आला. खरं सांगायचं तर माझा संशय कुणाकुणावर आला नाही!

गोदूबाईंनाही विहिरीवरून ते इरलं दिसलं. एकदा नव्हे, पुष्कळदा. त्या थेट श्रीपतींना जाऊन सांगून आल्या. नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी तो बोभाटा सावित्रीच्या कानावर आला तेव्हा ती रात्रभर रडली आणि सकाळी दोन खिळे ठोकून तिनं मला दोन्ही बाजूंनी चौकटीला घट्ट बसवलं. फट बुजली. त्या संध्याकाळी इरलं आलं, घुटमळलं, आणि गजांतून एक हात आत शिरला. त्यानं माझा खालचा काठ मुठीत धरून वर उचलला. सावित्री ओरडली. हात गेला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी श्रीपती घरी आले. इरलं कोपऱ्यात टेकवून ओटीवर बसले. सावित्री पदर डोक्यावर घेऊन खोलीच्या दाराआड उभी राहिली.

"सामान बांध," ते म्हणाले. "दर्या खुला झालाय. पहिल्या मचव्यानं गावाला जायचं. खिडकीशी पुरुष येतो म्हंतात. सखारामाला मी काय तोंड दाखवू?"

"भावजी, मी कुनाला बोलावलं नाय. चोरासारखा आला कोन तरी."

"चोर पडद्याच्याच घरी बरा येतो!"

सावित्री दाराआडून वळली. ती आत आली, ट्रंक ओढली आणि मुलींच्या पाट्या पुसायचं फडकं घडी करून आत ठेवलं. मग तिनं माझे खिळे काढले. मला खांद्यावर टाकून ती दारात आली, तेव्हा गोदूबाई दर्याच्या पूजेच्या नारळाचा प्रसाद घेऊन ओटीवर आल्या होत्या. श्रीपतींनी डावा हात पुढे केला.

गोदूबाईंनी प्रसाद मागे घेतला. "डाव्या हातानं? दर्याचा परसाद?"

"उजव्याला दोर कापलाय." त्यांनी पंच्यात गुंडाळलेला हात मांडीखाली सरकवला.

"कापला असू दे. दोन बोटांनी घ्या, पन उजवाच हात करा. बोटीवर भाव हाय तुमचा, दर्याला रागवून चालंल?"

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पंचा सोडला. तळहात काळवंडला होता आणि बोटांच्या मुळाशी टपोरे फोड आले होते. कोकणात लहान पोरालाही असला हात ओळखता येतो.

"ह्यो तर बिब्बा उतलाय," गोदूबाई म्हणाल्या. मग त्यांनी सावित्रीच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या माझ्या काठाकडे बघितलं, कोपऱ्यातल्या इरल्याकडे बघितलं, आणि प्रसाद पदराखाली झाकला. एवढी संशयी बाई, पण हा संशय तिला शिवलाही नव्हता. वडीलधाऱ्यांच्या वाऱ्याला माणसं संशय फिरकू देत नाहीत.

ओटीवरून त्यांच्या श्वासाचा तपकिरीचा वास आला, आणि मीही ओळखलं.

"एकदाच आलो होतो," श्रीपती खाली बघत पुटपुटले. "लक्ष ठेवायला." प्रसाद न घेताच ते उठून गेले. सावित्रीनं ट्रंक रिकामी केली आणि मला पुन्हा खिडकीवर चढवलं. तिची खोली राहिली, शाळा राहिली.

इथं थांबलो असतो तर तुम्ही आनंदानं घरी गेला असता.

दिवाळीच्या सुमारास सखाराम आला. सगळं ऐकून भावावर संतापला, बंदरावर जाऊन त्याच्याशी भांडला. सावित्रीनं त्या दिवशी सुरमईचं कालवण केलं होतं. जेवता जेवता, मान वर न करता तो म्हणाला, "दादा म्हंतो एकदाच आलो. गोदूबाय तर म्हंते, आषाढभर येत होता. मग बाकीच्या टायमाला कोन गो?"

सावित्रीनं पळी खाली ठेवली. "तुमचाच भाव. दुसरं कोन येनार?"

"मी आपलं इचारलं," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली, माझा गेरू फिका पडला, आणि अजून बोटीवरून आला की पाय धुवायच्या आधी तो माझ्यापाशी येतो आणि मला उचलून वाटेवर बघतो. सावित्री तेव्हा पाठ फिरवून चुलीशी बसते. नवं कापड शिवून मला बदलायचं तिनं कितीदा ठरवलं, पण मी गेलो तर तेही संशयाचंच होईल, म्हणून मी आहे.

ऐकणाऱ्यांनो, मी शीड होतो. मला श्वास कळतो. साऱ्या आषाढात त्या खिडकीशी तोच एक तपकिरीचा श्वास होता, दुसरा कुणाचाही नाही. घरच्यांशी बोलायला मला तोंड नाही, तुम्हाला आहे. सखाराम कधी भेटला तर त्याला एवढं सांगाल?

असे गप्प का झालात? की तुम्हालाही वाटतंय, बाकीच्या वेळी कोण होतं?