अर्धी वाटी चहा

मित्रांनो, मी चहाचं पाणी उकळणारा एक जुना पितळी समोवार आहे. पोटात विस्तवाची नळी, भोवती बारा लिटर पाणी आणि पुढे एक तोटी, एवढाच माझा संसार. माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. १९५८ साली लोकर उतरवून परतणाऱ्या ट्रकमधून मी या किर्गिझ डोंगरगावात आलो. वाटेत डाव्या कुशीला पोचा आला, तो अजून आहे.

बुरमाकान आपा आमच्या घरात सून म्हणून आल्या. १९७१ मध्ये त्यांना गावच्या शाळेत शेगड्या पेटवायचं काम मिळालं आणि त्या मलाही ढकलगाडीवर घालून तिथे घेऊन गेल्या. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या वस्तीतली मेंढपाळांची मुलं सहा किलोमीटर चालत येत. आपा त्यांना चहा देत, पण वाटी अर्धीच भरत.

आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच वाटी देतात. ती संपली की पुन्हा अर्धी. म्हणजे बसा, घाई नाही. काठोकाठ भरलेल्या वाटीचा अर्थ, प्या आणि निघा. आपांनी मुलांनाही पाहुण्यांचाच मान दिला. मूल पुन्हा वाटी पुढे करी, तेवढ्यात त्या विचारून घेत : खाऊन आलास का, मोजे ओले आहेत का. ज्याची वाटी पाचव्यांदा येई, त्याच्या हातात न बोलता नानचा तुकडा ठेवत. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं.

आपा गेल्या. २००९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने शाळेचं छप्पर खाली आलं. रविवार होता, म्हणून कुणाला लागलं नाही. शाळा मात्र बंद पडली आणि वरच्या वस्तीतली सात वर्षांची मुलं शहराच्या वसतिगृहात जाऊ लागली. मी आपांच्या मुलीच्या, तुर्सुनायच्या, गोठ्यात पडून राहिलो. शेजारी कोंबड्या अंडी घालत. कोरड्या पोटाने चौदा वर्षं काढणं सोपं नसतं.

मग गावात नवी प्राथमिक शाळा उभी राहिली. नावासाठी सभा भरली. तिथे काय झालं, ते तुर्सुनायने मला लख्ख घासता घासता सांगितलं.

"चहा देणाऱ्या बाईचं नाव शाळेला?" एकजण म्हणाला. "उद्या न्हाव्याचंही द्या."

"तू तिसरीत तीन वर्षं होतास," एक म्हातारी म्हणाली. "तिन्ही वर्षं तिचा चहा प्यायलास. हात खाली कर."

नाव ठरलं. मला शाळेच्या मोठ्या दालनात काचेच्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप लावलं.

एक सप्टेंबरला, शाळेच्या पहिल्या दिवशी, सगळ्या कुटुंबांचं स्वागत होतं. वरच्या वस्तीतली अकरा घरं आपापलं एकेक मूल घेऊन घोड्यांवरून आली. त्यांनी मुलांची नावं अजून या शाळेत घातली नव्हती. वसतिगृहाची बस बारा वाजता सुटणार होती. "आधी शाळा बघू," असं मेंढपाळ मुकाश सगळ्यांना सांगून आला होता. त्याच्या सात वर्षांच्या बेगायिमची पिशवी भरूनच आणलेली होती.

मुख्याध्यापिका एल्मीराबाई याच गावच्या. पण पाहुणे साठ, विजेच्या बंबाला तोटी एक, आणि भाषण डोक्यात. थंडीतून आलेत, पोटभर मिळू दे, म्हणून त्यांनी वाट्या काठोकाठ भरल्या.

मुकाशने वाटीकडे पाहिलं. न पिता ती खाली ठेवली आणि उठला.

"चला. उत्तर मिळालं."

"अहो, भाषण व्हायचंय अजून," बाई म्हणाल्या.

"भाषण कशाला, बाई? वाटीनेच सांगितलंत. आमच्या पोरांच्या अंगाला मेंढ्यांचा वास येतो, हे खालच्या गावाने आम्हाला लहानपणीच सांगितलंय."

बाईंनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बेगायिम पिशवी उचलून दाराकडे निघाली होती.

दाराशीच तुर्सुनाय बसली होती. "बाई, कपाटाची किल्ली द्या. आणि मुकाश, तू खाली बस. आईचा समोवार तापेपर्यंत थांबलास तर तुझ्या मेंढ्या मरत नाहीत."

"किती वेळ लागेल?"

"तुझं नाक वाहायचं तेव्हा लागायचा तेवढाच."

मागे कुणीतरी हसलं. मुकाश बसला, पण टेकला नाही.

अंगणात तुर्सुनायने आधी पाणी भरलं, मग विस्तव घातला. उलट केलं तर माझे सांधे वितळतात. तोटी गळत होती, तिला चिंधी बांधली. पंचवीस मिनिटांनी पाणी उकळलं आणि मी बोलू लागलो. तोवर एल्मीराबाईंनी भरलेल्या वाट्या स्वतः रिकाम्या करून धुतल्या होत्या. पहिली अर्धी वाटी त्यांनी मुकाशसमोर धरली.

"चुकले मी. बसा."

तो प्यायला. वाटी पुन्हा पुढे आली, मग पुन्हा. "पाचव्या वेळेला नान मिळायचा," तो वाटीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात बेगायिमने आपली वाटी पुढे केली. बाईंनी ती लगेच भरली नाही.

"खाऊन आलीस का गं?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मुकाशने तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून बाकाखाली सरकवली.

बारा वाजता बस गेली. अकरापैकी नऊ मुलं इथे राहिली. दोघं गेली, त्यांचे थोरले भाऊ तिथे आहेत.

मी पुन्हा कपाटात गेलो नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला काचेत कोंडून तिचा मान होत नाही. मला रोज घासलं नाहीत तरी चालेल, फक्त कोरडा तापवू नका. आणि दारात आलेल्याची वाटी अर्धीच भरा. ती पुन्हा पुढे आली, की दोन शब्द विचारा.