माहुलीचे मासे

टाचेतून वर आलेला बुटाचा खिळा.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कणकेच्या गोळ्या.

किल्ल्याच्या दुसऱ्याच वळणावर बसकण मारलेला फलटणचा एक पदवीधर. "पाणी... पाणी..."

"तुमच्या मुलकात समदी पाव खात्यात म्हनं?"

भल्या सकाळी पेज. साताऱ्यात, तीही ऐन थंडीत.

आणि एक शब्द, जो त्या घरात उच्चारायचा नव्हता.

*

तो शब्द पद्मानं अनंतला सांगलीतच सांगून ठेवला होता.

"मासे म्हणायचं नाही. बांगडा नाही, सुंगटं नाही, काही नाही. आप्पांच्या गळ्यात माळ आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही कधी."

"मग मी तिथं बोलू काय?" अनंतनं विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

अनंत गोव्याचा, सावईवेऱ्याचा. घरून सांगलीच्या कॉलेजात पोचेपर्यंत तो तीन राज्यं ओलांडायचा. आधी पोर्तुगिजांचं, मग इंग्रजांचं, मग सांगलीकरांचं. रंगूबाईच्या खानावळीत सगळे त्याला 'परदेशी' म्हणत. भाकरी तो औषधासारखी खायचा आणि भात आला की त्याचा चेहरा उजळायचा. दोन वर्षं झाली तरी त्यानं सातारा पाहिला नव्हता. किल्ले बघायला बोलावलं आहे, असंच त्याला वाटत होतं.

पद्माला खरं ते ठाऊक होतं. दिवाळीत तिनं धीर करून आप्पांना सांगितलं होतं, की मला याच्याशी लग्न करायचं आहे. आप्पासो, तिचे वडील, शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. ते रागावले नाहीत. जात विचारली नाही, तशी त्यांना सवयच नव्हती. एवढंच म्हणाले, "एक शनिवार-रविवार पाठव. गडावर नेतो."

याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. आप्पासो जावई चालवून बघत. फलटणचा पदवीधर वळणावर बसला, तो गेला. कऱ्हाडचा एकजण आप्पांनाच मागं टाकून पळत वर पोचला, तोही गेला. आता त्याच फलटणकरांचा धाकटा मुलगा रांगेत होता आणि त्याचे पाय चांगले होते, असं ऐकू येत होतं. पद्मा आप्पांशी भांडली असती. त्यांना दुखवून लग्न करणं मात्र तिला जमलं नसतं.

*

शनिवार.

एका गाडीनं येणं बरं दिसलं नसतं, म्हणून पद्मा शुक्रवारीच घरी आली होती. सकाळी आप्पासो अनंतला घेऊन अजिंक्यताऱ्याकडे निघाले आणि ती परसात जाऊन उभी राहिली. तिथून गडाची वाट दिसायची. दोन ठिपके. एक काठीसारखा सरळ. दुसरा थांबतोय. पुन्हा थांबतोय. पुन्हा!

"चाल की रे," पद्मा पुटपुटली.

"कोण?" आई मागं येऊन उभी होती.

"कुणी नाही."

आईनं डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहिलं. "वाकलाय. बूट काढतोय वाटतं," ती म्हणाली आणि आत गेली. आई बोलायची तेवढंच.

बूटच होता. खिळा टाचेत घुसत होता. अनंतनं दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि उरलेला गड तो अनवाणी चढला. ओळखीचं नाही असं झाड दिसलं की थांबून नाव विचारत होता. दुपारी परळीपर्यंत कोंडीबाचा टांगा, तिथून सज्जनगड. टांग्यात पद्माही होती, आणि कोंडीबाला पाहुण्याचं नवल आवरत नव्हतं.

"तुमच्या मुलकात समदी पाव खात्यात म्हनं?"

"सकाळी खातात. पाववाला पोदेर दारावर आणून देतो."

"आन भाकरी न्हाई?"

"नाही."

"मग अंगात ताकद कुठनं यायची, आवं?" कोंडीबानं घोड्याला विचारावं तसं विचारलं. अनंत उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पद्मानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

"भातातून," तो शेवटी म्हणाला.

"भातातनं!" कोंडीबा हसून हसून पुढं कलंडला.

संध्याकाळी आप्पासो अंगणात पाय धूत होते. पद्मा तांब्या घेऊन उभी राहिली.

"चालतो बरा," आप्पासो म्हणाले. "बोलतो लय. आन काहीतरी पोटात ठेवून बोलतो. ते काय हाय, मला कळलं नाही अजून."

पद्मानं तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या पायांवर एकदमच ओतलं.

*

(जेवताना. भरलं वांगं, भाकरी, ठेचा. अनंतनं भात मागून घेतला, पुन्हा मागून घेतला, तिसऱ्यांदा मागायची लाज वाटून ताटाकडे बघत बसला. आईनं न विचारता वाढला. नंतर पातेलं खरवडून निघालं तेव्हा पद्माला कळलं, की आई भाताशिवायच जेवली.)

*

रविवार.

सकाळी पद्मा उठून चुलीपाशी आली तर आई अनंतपुढं पितळी ठेवत होती. पितळीत पातळ, वाफाळती पेज. बाजूला लोणच्याची फोड.

"हे काय गं? आजारी माणसाला देतात हे!"

"असू दे," आई म्हणाली.

अनंत मात्र पितळीकडे असा बघत होता, जणू कुणी त्याला घरच्या नावानं हाक मारली होती. ओठाशी नेताना पितळी दोन्ही हातांनी धरली. पद्मानं ते सांगलीत कधी पाहिलं नव्हतं. आईला पेज कुठून सुचली, हे विचारायचं तिच्या मनात आलं. पण आप्पासो यवतेश्वराला निघायची घाई करत होते आणि ते राहून गेलं.

दुपारनंतर सगळी माहुलीला गेली. दर रविवारी घरातून कुणीतरी जायचंच. कृष्णा आणि वेण्णा तिथं एक होतात, आणि घाटाच्या पायऱ्यांखाली मोठाले मासे असतात. त्यांना कुणी धरत नाही. लोक कणकेच्या गोळ्या घालतात, आणि मासे पायरीला तोंड लावून वाट बघतात. आप्पासोंच्या आईचा हा नेम होता, तिच्यामागं तो घराचा झाला.

अनंतला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईनं फडकं उलगडून मूठभर गोळ्या त्याच्या हातात ठेवल्या. त्यानं एक टाकली, आणि पाणी उसळलं. काळ्या पाठी, रुपेरी कुशी, हातभर लांबीचे.

अनंत खालच्या पायरीवर उतरला. गुडघ्यावर बसला. हातातल्या गोळ्या तशाच. दोन दिवस दाबून ठेवलेला माणूस एकदम सुटला.

"अरे बाप रे, किती सुंदर! पद्मा, हा बघ, हा! माझ्या आवयनं पाहिला असता ना, ती म्हणाली असती, याचं हुमण करायला हवं. नारळाच्या दाट रसात, आमसुलं, आणि वरून तिरफळं. सगळ्या वाडीला वास सुटला असता..."

मग त्याच्या लक्षात आलं.

आप्पासोंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. शेजारी गोळ्या घालणारी एक म्हातारी 'शिव शिव' म्हणून दोन पायऱ्या लांब सरकली. पद्माला फलटणकरांचा धाकटा दिसू लागला, चांगल्या पायांचा.

"अख्खी घालते, की चेचून?"

कोण बोललं ते क्षणभर कुणाला समजलं नाही. आई नदीकडेच बघत होती.

"काय, काकी?" अनंत गुडघ्यावरूनच मागं वळला.

"तिरफळं. तुझी आई अख्खी घालते, की चेचून?"

"अख्खी," अनंत हळूच म्हणाला. "उतरवताना."

"दाताखाली येतात मग. आमच्याकडे थोडी चेचून घेत. आत बी असते काळी, ती काढायची." तिनं आणखी एक गोळी टाकली. "चेचून घातली की वास आधी येतो. दारातच कळतं, आज काय आहे ते."

आप्पासो तिच्याकडे बघत राहिले. लग्नानंतर या घरात आलेली बायको त्यांनी रोज पाहिली होती. तिचं माहेर समुद्राकाठचं, जैतापूरचं, हेही त्यांना माहीत होतंच. माहीत असून त्यावर कधी विचार झाला नव्हता. माळ त्यांच्या गळ्यात होती, तिच्या नव्हती. ताट मात्र दोघांचं एक झालं होतं.

"तुला आठवतं होय अजून?" त्यांनी विचारलं. ड्रिलमास्तरचा आवाज नव्हता तो.

"वास कुठं विसरतो माणूस," आई म्हणाली. मग पदराला हात पुसत, "पद्मा, गोळ्या घाल की उरलेल्या. वाट बघतायत ते."

*

परतीला आप्पासो पुढं चालले नाहीत. टांग्यापर्यंतची वाट ते आईच्या बरोबरीनं, तिच्या चालीनं आले. काठी या हातातून त्या हातात जात होती. पद्मा आणि अनंत मागं. अनंत एवढंच म्हणाला, "मी शब्द मोडला." पद्मानं त्याच्या बाहीवरची कणीक झटकली.

टांग्याशी आप्पासो थांबले.

"अनंतराव."

"जी."

"पोटात काय ठेवलं हुतं ते कळलं. आता बरं वाटतंय का?"

अनंतनं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही ठरवता आलं नसावं.

"घरी लिहा. म्हणावं, उन्हाळ्यात साताऱ्याची तीन माणसं येतील, सोयरीक बोलायला. चालतील का? हिला समुद्र बघायचाय." आप्पासो खाकरले. "तुमच्या आईला सांगा, हिला काय हवं ते रांधून घाला. मला ताकभात पुरे. मी ओसरीवर बसून खाईन."

"ओसरीवर वास येतो," आई म्हणाली.

"येऊ दे की."

कोंडीबा घोड्याला चुचकारत मागं वळला. "म्हंजी काय, ठरलं व्हय आप्पासो? आन मला कुनी सांगत बी न्हाई!"

टांगा हलला. आईनं फडकं झटकून घडी केली आणि मांडीवर ठेवलं. पद्माला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हात दिसत होता. घडीवर घडी, घडीवर घडी.

*

फार वर्षांपूर्वी, लग्न होऊन पहिल्यांदा साताऱ्याला येताना आंबा घाटात बैल सोडले होते, तेव्हा पद्माच्या आईनं गाडीतून उतरून माहेरून दिलेली सुक्या बांगड्यांची पुडी दरीत टाकली होती.