उभ्या गाडीला

पिवळाच होता तो. नखाच्या टोकावर आलेला कण तिनं उजेडाकडे धरला, अंगठ्यावर घासून पाहिला — रंगच. गाडी तिची राखाडी, म्हणजे हा रंग बाहेरचा, आगंतुक. शेजारच्या सीटच्या बाजूला, मागच्या दारावर चांगला हातभर पथारी पसरून बसलेला, आणि कधी आला, कुठून आला, याची तिला गंधवार्ताही नाही. ती उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं थांबा जरा. बोट दारावरून पुढून मागे फिरवलं तर गुळगुळीत, मागून पुढे फिरवलं तर बोचरं... केसांच्या उलट कुरवाळलेल्या मांजरासारखं. म्हणजे पापुद्रे मागे ढकलले गेलेत. म्हणजे घासताना गाडी पुढे जात होती. म्हणजे —

म्हणजे काही नाही, ती स्वतःलाच म्हणाली आणि दाराला धरून उठली.

उभा जन्म तिनं हाच एक प्रश्न लोकांना विचारला होता — कधी लागलं? विमा कंपनीत घरगुती गाड्यांचा विभाग तिच्याकडे होता, आणि प्रश्न एक तसं उत्तरही एकच : ‘उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं हो!’ डॉक्टर असो, मास्तर असो, देवाला रोज फूल वाहणारी म्हातारी असो, सगळे हेच सांगायचे, आणि तेही अगदी डोळ्यांत डोळे घालून. जगातल्या झाडून सगळ्या गाड्या जणू उभ्याच असतात आणि ‘कुणीतरी’ नावाचा एक गृहस्थ रात्रंदिवस त्यांना घासत हिंडतो. घरी आल्यावर ती हे नवऱ्याला सांगायची, तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, “अगं, त्या कुणीतरीचाच विमा उतरव एकदा. पुण्य लागेल कंपनीला.”

ती हसली. रिकाम्या पार्किंगमध्ये एकटंच हसू ऐकू आलं की ओशाळल्यासारखं होतं, तशी ओशाळली आणि गाडीत जाऊन बसली. आरसा, पट्टा, पुन्हा आरसा. लोक तिला ‘पट्टेबाई’ म्हणायचे ते काही उगाच नव्हे; लग्नाच्या वरातीत नवरदेवालाही तिनं पट्टा लावायला लावला होता, फुलं चुरगळली तर चुरगळली.

गाडी गॅरेजच्या रस्त्याला लागली आणि ती बोलू लागली.

“अहो, बघितलंत का दाराचं? तुमच्याच बाजूला आहे. तुम्हाला दिसलं असेल की.”

घरात ती बोलत नसे. घराच्या भिंती पातळ. पलीकडच्या बिऱ्हाडात चमचा पडला तरी इकडे कळायचं, मग इकडचं तिकडे जाणार नाही कशावरून? आणि बाई एकटीच बोलते हे एकदा का जिन्यात गेलं की जिना ते चार मजले फिरवून आणतो. पण गाडीच्या काचा वर केल्या की कसं, बोललेलं आतल्या आतच राहतं. ते गेल्यानंतर — दवाखान्यातून एकटीनं गाडी घरी आणली तो दिवस — पहिल्यांदा ती इथंच बोलली होती. काय, तर सिग्नलला पुढच्या माणसाला शिव्या घालत होती, आणि सवयीनं म्हणाली, “बघा हो याचं...” म्हणाली आणि थांबली, आणि मग थांबली नाहीच. तेव्हापासून बाजारात जाताना, बँकेत जाताना, कामच नसलं तर पेट्रोल भरायला म्हणून ती निघायची. लेकाचा फोन आला होता, काय म्हणाला, शेजारीण कशी फुगून बसलीये, तुमचा तो तपकिरी स्वेटर मी अजून कुणाला दिलेला नाही... सगळं. त्यांनी उत्तर द्यावं अशी अपेक्षा नव्हती. जिवंत होते तेव्हा तरी कुठं द्यायचे!

“...आणि पिवळा रंग म्हणजे खांब असणार, बाजाराच्या तळघरातले खांब पिवळे आहेत, वळणावर दोन आहेत बघा, पण तिथं लागलं असतं तर आवाज झाला असता ना, केवढा मोठा आवाज होतो हो पत्र्याचा, मेलेलं माणूस उठून —”

तिनं जीभ चावली. आणि तेवढ्यात लक्षात आलं की गॅरेजचं वळण मागं राहिलं.

मागं राहिलं. रोजच्या माहितीचं वळण. पाटी, पाण्याची टाकी, केस कापायचं दुकान, सगळं डोळ्यांसमोरून गेलं असणार आणि तिनं काहीच पाहिलं नव्हतं, कारण ती... तिनं गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकत ठेवले. आवाज झालाच असणार. खांबाला पत्रा घासत गेला, हातभर, आणि ती कानांनी शाबूत असलेली बाई तेव्हा काय करत होती? बोलत होती. जोरजोरात. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांना तिनं आयुष्यभर सुनावलं — डोळे रस्त्यावर असून उपयोग नाही, मन रस्त्यावर पाहिजे! — आणि हिचं मन कुठं, तर शेजारच्या सीटवर. खांब होता म्हणून बरं. खांबाच्या जागी शाळेची पिशवी पाठीला लावलेलं एखादं... नको रे देवा. नको.

उरलेली वाट ती गप्प राहिली. गाडी किती वाजते हे तिला पहिल्यांदाच कळलं. काच खुळखुळते, मागं कुठंतरी काहीतरी टकटकतं. बोलायचं नसेल तर ही एक पत्र्याची पेटी आहे. आणि बोलायचं असेल तर ही चालवायची नाही.

गॅरेजमध्ये शनिवार सकाळी ती एका टेबलाशी बसायची. निवृत्तीनंतरचा उद्योग, गाडी धुऊन होईपर्यंत लोक येऊन विचारायचे — मुलांची सीट कुठं बांधायची, विमा सगळ्या नुकसानीचा घ्यावा की नुसता दुसऱ्याला लागलं तर त्याच्यापुरता, पाण्यात बुडालेलं इंजिन चालू करावं का (करू नये, बाबांनो, हात जोडते). आज एक जोडपं आलं होतं. नवरा खुर्चीच्या टोकावर, बायको पुढं सरसावून.

“आमच्या सासऱ्यांचं विचारायचं होतं,” बायको म्हणाली. “गाडी सोडायलाच तयार नाहीत. परवा फाटकच घेऊन गेले बरोबर.”

“अर्धं फाटक,” नवरा म्हणाला.

“अर्ध्या फाटकातून आता चोर पूर्ण येईल, त्याचं काय?”

तिला हसू आलं, आणि तोंड आपोआप सुरू झालं; हे सगळं तिला मुखोद्गत होतं. “तुम्हाला आता जमत नाही, हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. फक्त म्हणायचं — आज मी चालवू का? त्यातला ‘आज’ महत्त्वाचा. माणूस ‘आज’ देतो, ‘कायमचं’ कुणी देत नाही. आणि किल्लीसाठी हात पुढं करायचा नाही. हात खिशात. त्यांच्या हातानं येऊ दे.”

“आणि नाहीच आली तर?”

“तर शेजारी बसायचं. देवाचं नाव घ्यायचं आणि पट्टा लावायचा.”

दोघं हसले. हसणं संपल्यावर नवरा पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून म्हणाला, “पण त्यांना काय वाटत असेल हो?”

इतकी घरं आली नि गेली, हे कुणी विचारलं नव्हतं. की विचारलं होतं आणि तिनं... “थोडे दिवस वाईट वाटतं,” ती म्हणाली, “मग सवय होते.” आणि टेबलावरचा डाग पुसायला लागली. तो डाग नव्हता, लाकडातली गाठ होती.

निघताना पोचेवाला आला — पत्र्याचे पोचे काढणारा, केस पांढरे झाले तरी सगळ्यांचा पोचेवालाच. दारापाशी वाकला, बोट फिरवलं. पुढून मागे. मग मागून पुढे. ती त्याच्या बोटाकडे पाहत राहिली. त्यालाही कळलं, न कळायला तो काय आज जन्मला होता? तो सरळ झाला, फडक्याला हात पुसत बसला, नको इतका वेळ.

“उभी असणार गाडी,” शेवटी म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “उभीच होती.”

“हल्लीचे लोक बेपर्वा, बाई. पॉलिश मारू का? दुपारपर्यंत काही झालंच नव्हतं असं करून देतो.”

“राहू दे. पाहणीआधी पुसायचं नसतं.”

“कोण करणार पाहणी?”

तिनं पट्टा लावला, आरसा पाहिला आणि गाडी काढली.

दुपारी मुलगा आला. त्याच्याकडे दोन दिवस राहायला जायचं होतं; बसनं येऊन तो तिच्याच गाडीतून तिला नेणार... म्हणजे ती नेणार, तो नुसता बसणार, असंच आजवर चाललं होतं. आणि बसायचा तो मागं. पुढची ती सीट, न बोलता, दोघांनीही तशीच ठेवली होती. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं — तो गाडीभोवती फिरला, त्या बाजूला थांबला. खाली वाकला नाही. नुसता उभा राहिला, बराच वेळ, वडिलांसारखी मान एका बाजूला करून.

ती पिशवी घेऊन खाली आली.

“दाराला काय झालं गं, आई?”

“उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं.”

तो हसला. साहजिकच होतं, या वाक्याला हसतच तो मोठा झाला होता, ती जेवणाच्या टेबलाशी लोकांच्या थापांच्या नकला करायची, आणि किल्ली काढून घेण्याची तालीमही तिथंच व्हायची — त्याचे वडील हट्टी म्हाताऱ्याचं सोंग घ्यायचे, टेबलावर मूठ आपटून ओरडायचे, “अजून डोळे शाबूत आहेत माझे! यमाला आणतो गाडीत घालून!” — आणि हा एवढासा, भात नाकातून येईपर्यंत हसायचा. तसाच आता हसला. आणि ते हसू अर्ध्यात आलं नि थांबलं. तिनं ते थांबताना पाहिलं. चेहऱ्यावर जिथल्या तिथं राहिलं, कुठं ठेवावं त्याला कळेना.

“आई,” तो म्हणाला, “आज मी चालवू का?”

त्याचे दोन्ही हात खिशात होते.

राग यायला हवा होता. शब्द तिचे, ‘आज’ तिचा, खिसासुद्धा तिचाच. आणि हे तिला माहीत आहे हे त्याला माहीत, तरी तो उभाच, कान लाल झालेले, लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे. दुसरे कुठले शब्द त्याला सापडले नसतील? का शोधलेच नसतील, आईचे आहेत, चांगले असणार म्हणून? डोळे शाबूत आहेत माझे, असं म्हणावं, टेबल नाही तर बॉनेटवर मूठ आपटावी... पण त्या सोंगाला हसणारं इथं कुणी नव्हतं. तिनं किल्ली टपावर ठेवली. दिली नाही, ठेवली. पत्र्यावर बारीक आवाज झाला, तो मात्र ऐकू आला.

आणि मागचं दार तो अडवून उभा होता पिशवी आत सारत, म्हणून ती पुढं, त्या बाजूला, बसली.

सीट फार मागं होती. त्यांचे पाय लांब. तिनं ती पुढं ओढली नाही. मुलगा छान चालवत होता, फारच छान, परीक्षेला बसल्यासारखा. वळणाआधी कितीतरी आधी खूण, दोन्ही हात चाकावर. ती बोलणार होती. तोंड उघडलंही, मान वळवली... कुणीकडे? इतके दिवस जे काही सांगितलं ते या सीटला सांगितलं, आणि या सीटवर आता तीच बसली होती. बोललेलं सगळं इथं येऊन पडलं असेल तर ती त्याच्यावरच बसली होती.

पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम पेटले. तिचा पाय आपसूक खाली दाबला गेला — तिथं काही नसताना. मुलानं वेळेत ब्रेक लावला होता. पण तिचा पाय कशात तरी बसला. तिनं खाली पाहिलं. पायाखालची रबरी चटई, बाकी सगळीकडे रेघारेघांची, एका ठिकाणी साफ गुळगुळीत झाली होती. बुटाच्या पुढच्या भागाएवढा एक खळगा. तिच्या बाजूला असा खळगा असता तर नवल नव्हतं, तिथं पेडल आहेत. इथं काय होतं?

इथं ते होते. सगळ्या वाटा, सगळी वर्षं, तिच्या शेजारी बसून, देवाची पदं पुटपुटल्यासारखी गुणगुणत. आणि ती कौतुकानं लोकांना सांगायची, आमच्याकडे गाडीतही नामस्मरण चालू असतं. भक्तीनं गुणगुणत होते, की... पायानं तर इतकं दाबलं होतं की रबर झिजलं. एकदाही म्हणाले नाहीत, हळू घे. की म्हणाले होते? म्हणाले असतील, हळूच, त्यांच्या रीतीनं, आणि ती बोलत असेल.

“बरी आहेस ना, आई?”

“पुढं बघ,” ती म्हणाली.

ट्रक हलला. तिनं पाय त्या खळग्यातून काढला नाही. तिचा पाय लहान, भोवती जागा उरत होती. परवा परत येताना किल्ली मागायची की नाही... तो तिला देईल, न बोलता देईल, ते तिला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच सगळं अवघड झालं होतं. काच खुळखुळत होती. मागं कुठंतरी टकटकत होतं. तिच्या ओठांवर आलेलं ‘अहो’ तिनं तिथंच धरून ठेवलं, आणि श्वास जरा रोखून, मान किंचित कलती करून बसून राहिली — आधी त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणून.