प्लग काढा आणि एक मिनिट थांबा

‘आता प्लग काढा आणि एक मिनिट थांबा,’ असं तिने टाइप केलं आणि पाहुणा गायब झाला.

श्वासाच्या मशीनच्या या कंपनीत चॅटवर येणाऱ्या प्रत्येकाला सॉफ्टवेअर ‘पाहुणा’ म्हणे. लाइन तुटली की दोन मिनिटं वाट पाहायची. तेवढ्यात तो परतला नाही, तर चॅट आपोआप बंद आणि वर हिरवा शेरा : समाधान झाले. तक्रार करणाराच उरला नाही की समाधान झालं असं मानण्याची पद्धत इतरत्रही आहे, पण हिरव्या अक्षरांत इथेच.

हिरवं आलं. तिला राहवेना. तिने जुनी चॅट उघडली. सकाळपासून तो आठव्यांदा आला होता. दर वेळी समोर नवा माणूस, पहिली पायरी तीच. पाचव्या वेळी त्याने लिहिलं होतं, ‘इंटरनेटचा डबा त्याच प्लगवर आहे हो. परत सुरू व्हायला चार मिनिटं लागतात.’ एवढं लिहून त्याने आज्ञाधारकपणे प्लग काढला होता. सातव्या वेळी : ‘बायकोला फार धाप लागलीय. ॲम्ब्युलन्स दुपारी येईल म्हणतात. तोवर तरी चालू करून द्या.’

ती साहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, त्यांना प्लग काढायला सांगायचंच नाही. थेट फिल्टर बघायला सांगू.”

“पहिल्या पायरीवर खूण केल्याशिवाय दुसरी उघडत नाही, ताई.”

“मग खोटी खूण करू.”

“खोटी?” साहेबांनी चष्मा काढला. “आपल्याकडे खोटं चालत नाही.”

“निदान नंबर मागून फोन करू.”

“नंबर मागितला की लोक बिचकतात.”

ती वळली. टायपिंगच्या वेगामुळे ज्याला सगळे एक्स्प्रेस म्हणत, त्याच्या पडद्यावर तिला दिसलं : ‘पुन्हा मीच.’

“थांब! काही लिहू नकोस!”

“लिहून झालं की, ताई.”

दोघं पडद्याकडे बघत राहिले. दोन मिनिटांनी हिरवं आलं. चार झाली, दहा झाली. ती एकेका खुर्चीमागे जाऊन डोकावत राहिली. जेवायच्या सुट्टीतही.

संध्याकाळी साहेब कागद घेऊन आले. चेहरा खुललेला.

“उगाच जीव टांगणीला लावून घेतलात, ताई. हे बघा, एका पाहुण्याची एका दिवसात नऊ समाधानं! आणि त्यानंतर एकही तक्रार नाही.”