दार कामावर गेलंय

रीड तोंडात असली की मला बोलता येत नाही, आणि हे आमच्या सासूबाईंना पक्कं ठाऊक आहे.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बाईचं हे एक दुखणंच. रीड म्हणजे बोटाएवढी, वेताची चपटी पट्टी. ती वाद्याच्या तोंडाशी बसवायची, तिच्या थरथरण्यावर सगळा आवाज उभा. पण आधी ती ओली करावी लागते, आणि त्यासाठी आपल्या तोंडासारखी दुसरी जागा नाही. म्हणून मी रीड जिभेवर ठेवून केर काढते, डबे भरते, मुलीची वेणी घालते. तेवढ्या वेळात सासूबाई मनातलं सगळं काढून घेतात. "काल दूध उतू गेलं. पोरीला सर्दी झालीय, कुणाचं लक्ष आहे का? आणि तो तुझा भोंगा सकाळी जरा दमानं वाजव, वरच्या मजल्यावरचा पेन्शनर जिन्यात भेटला की माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतो." मी नुसतं हूं हूं करते. रीड काढून काही सडेतोड बोलावं, तर बाई स्वयंपाकघरात पसार.

घरात आम्ही चौघं. नवरा बस चालवतो, त्याची पाळी आठवड्याला बदलते. मुलगी दुसरीत. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मी सराव करते तो कपाटाची दारं उघडून, लटकवलेल्या कपड्यांत तोंड खुपसून, म्हणजे आवाज शर्ट-पँटींतच मुरतो. एकदा नवऱ्याच्या कोटात एक अख्खं गाणं वाजवलंय मी. तो म्हणतो, तेव्हापासून कोट अंगाला हलका लागतो. त्याचे विनोद असेच असतात.

आठ वर्षं मी हॉटेलांच्या लॉबीत वाजवत आले. लोक सूप पितात, मी वाजवते. लोक बिलावरून हुज्जत घालतात, मी वाजवते. आणि मग एका छोट्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी मला ऐकलं आणि बोलावलं. तासभर, मी एकटी. ना ड्रम, ना पियानो, आणि समोर फक्त ऐकायला आलेली माणसं. बाई म्हणाल्या, "रंगला कार्यक्रम, तर दर महिन्याची एक संध्याकाळ तुमची."

मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. त्यातच त्या आठवड्यात मी शाळेतली पालकांची बैठक विसरले, भिंगरीचा गणवेश ओलाच राहिला आणि पेन्शनरानं सोसायटीत तक्रार केली. रात्री जेवताना माझा तोल गेला. म्हणाले, "ऐका सगळ्यांनी. या वेळी जमलं नाही, तर ही सॅक्सोफोनची पेटी माळ्यावर. कायमची. मीही सुटले आणि तुम्हीही सुटलात."

भिंगरीचा घास तोंडातच राहिला. सासूबाईंनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं, जणू पेटी तिथे मावेल की नाही याचा अंदाज घेत होत्या. मला ते झोंबलं. म्हातारी वाटच बघत होती वाटतं, असं मनात आलं.

कार्यक्रमाच्या दिवशीच भिंगरीच्या शाळेत प्रदर्शन सुरू होणार होतं. तिनं बाबाच्या मदतीनं पुठ्ठ्याचं घर केलं होतं. मला दाखवायचं नाही, अशी ताकीद होती. सकाळी बापलेक ते चादरीखाली झाकून घेऊन गेले. मी घर आवरलं आणि सरावाला बसायचं म्हणून रीडची डबी उघडली.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आता एक सांगते, त्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. नवी रीड गोरीपान असते आणि ताठ. अडेल घोड्यासारखी. ती रोज थोडी थोडी वाजवून माणसाळवावी लागते. डबीभर रीडांतून एखादीच अशी निघते, की फुंकर घालायचा अवकाश, बोलायला लागते. माझी तशी एक होती. थुंकी लागून लागून तपकिरी पडलेली. मी तिला सावळी म्हणायचे. कार्यक्रमाची सुरुवात एका खालच्या, अगदी हळू सुरानं होती. शांततेतून तो कधी आला हे कळूच नये, असा. तो सूर सावळीशिवाय मला येतच नव्हता.

डबीत सावळी नव्हती. तिच्या दोन्ही तपकिरी बहिणीही नव्हत्या. त्यांच्या जागी तीन कोऱ्याकरकरीत रीड ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.

नवऱ्याला फोन लावला. तो डेपोत होता. "अगं, ते दार ना? काय झालंय म्हणून सांगू! उघडतं, मिटतं!"

"कसलं दार?"

"घराचं. तुझ्या टाकाऊ पट्ट्यांचं केलंय तिनं. चांगल्या पट्ट्यांना हातसुद्धा लावला नाही हो पोरीनं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कुणावर? फाटलेल्या, संपलेल्या रीड मी आजवर भिंगरीलाच खेळायला देत आलेय. "काळ्या पडल्या की तुझ्या," असं मीच शंभरदा सांगितलेलं. पोरीनं आपलं कायद्यानं घेतलं होतं, आणि वर जागा रिकामी दिसू नये म्हणून गोऱ्या मांडून ठेवल्या होत्या!

तशीच चप्पल पायात सरकवून शाळेत गेले. सभागृहात टेबलंच टेबलं. कुठे सूर्यमाला, कुठे पवनचक्की, एका टेबलावर धूर सोडणारा ज्वालामुखी आणि त्याच्याभोवती ही गर्दी. कोपऱ्यात आमचं घर. दोन्ही बहिणी चिरून, डिंकानं खिडक्यांना चिकटवलेल्या. त्या तर कामातून गेल्याच. सावळी मात्र अख्खी होती. एका कडेला चिकटपट्टीची बिजागरी लावून दारात उभी केलेली. आणि भिंगरी, एका जागी कधी न बसणारी माझी पोर, तिथे खांबासारखी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दार उघडून दाखवत होती.

"आई! तू आधीच आलीस? बघ, टकटक करून बघ. दुपारी परीक्षक येणारेत."

हात पुढे केला असता तर एका ओढीत सावळी माझ्या मुठीत होती. मी नुसती टकटक केली. भिंगरीनं दार उघडलं आणि आत काढलेली चौघं मला दाखवली. त्यांतल्या एकीच्या तोंडात पिवळा भोंगा होता.

"झकास झालंय गं," एवढंच म्हणाले आणि घरी आले.

घरी नवी रीड लावून खालचा सूर धरला. बदकाच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. पुन्हा धरला, पुन्हा बदक. कपाटातल्या कोटालासुद्धा लाज वाटली असेल. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज काय झालंय ह्याला?"

मग माझा बांध फुटला. रडत, चरफडत सगळं सांगितलं.

"मग काढून आणायचं होतंस दार."

"आणि तिचं घर, आई? परीक्षक यायच्या आधी तिच्या घराचं दार उपटू? माझ्या तासाभराच्या हौसेसाठी?"

थोड्या वेळानं मी पेटी उचलून नाट्यगृहाकडे निघाले, तेव्हा सासूबाई स्टुलावर चढून काहीतरी खुडबुड करत होत्या. दुपारी त्या शाळेत जाणार आणि तिथून भिंगरीला घेऊन थेट कार्यक्रमाला येणार, असं ठरलेलंच होतं. स्टुलावरून पडू नका, एवढंच मी रागारागात म्हटलं.

नाट्यगृहात आवाज तपासताना तीच गत. ध्वनी सांभाळणारा तरुण सौजन्यानं म्हणाला, "मॅडम, माइकमध्ये काही गडबड आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, गडबड माझ्यात आहे." व्यवस्थापक बाई पहिल्या रांगेत बसून मोबाइलमध्ये बघत होत्या, पण त्यांचा अंगठा हलत नव्हता. मेकअपच्या खोलीत जाऊन बसले आणि माळ्याचा विचार करू लागले. पेटी आडवी ठेवली तर मावली असती.

बाहेर लोक आत येऊ लागले होते. तेवढ्यात दार ढकलून भिंगरी आली. मागून धापा टाकत सासूबाई.

भिंगरीनं मूठ उघडली. रुमालात सावळी.

"घे," ती म्हणाली. "पेटी माळ्यावर ठेवायची नाही."

"अगं, पण तुझं..."

"आधी ती तोंडात घाल," सासूबाईंनी दरडावलं. "ओली व्हायला वेळ नको का?"

घातली. चिकटपट्टीची कडवट चव लागली. आणि आता मला बोलता येईना, म्हणजे सासूबाईंचं राज्य!

"मी हिला काही शिकवलं नाही हां, उगाच माझ्यावर घेऊ नकोस. मी फक्त म्हणाले, दार देखणं आहे, पण तुझ्या आईचा गळा आहे तो. तर ही म्हणते, मग आज आई कशानं वाजवणार? मी म्हटलं, देव जाणे. झालं! माझं वाक्य संपायच्या आत हिनं दार उतरवलं. आणि नेमके त्याच वेळी परीक्षक हजर! तिघंही चष्मेवाले. त्यांतला एक वाकून बघतो आणि विचारतो, का गं, तुझ्या घराला दार नाही? तर आमची ही, कमरेवर हात ठेवून..."

"मी सांगते! मी म्हटलं, दार कामावर गेलंय. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम आहे."

मला हसू फुटलं, रडू फुटलं, आणि रीड पडू नये म्हणून दोन्हींना दातांमागे दाबून धरावं लागलं. नंबर आला का, हे विचारायला जीव तळमळत होता. मी भुवया उंचावून विचारलं. सासूबाईंनी साफ दुर्लक्ष केलं.

घंटा झाली. मी सावळी बसवली, स्क्रू आवळला आणि बाहेर गेले.

रंगमंचावर एक उजेडाचा गोल, त्यात मी. कपाट नाही, कोट नाही. डोळे मिटले, श्वास घेतला आणि फुंकर घातली.

आली! सावळी बोलली. तो खालचा सूर असा आला की पहिल्या रांगेतल्या माणसानं चुळबुळ थांबवली, पण का थांबवली हे त्याला कळलं नसावं. मी तो धरून ठेवला. हळूहळू भरला. मग वर गेले, खाली आले, मनात येईल तिथे वळले. आठ वर्षं सूपाच्या वाटीमागे दबून वाजवलेलं सगळं त्या तासात बाहेर आलं. उतू गेलेलं दूध वाजवलं, ओला गणवेश वाजवला, पेन्शनराच्या कपाळावरचा हातसुद्धा वाजवला. लोक हसले. खरंच हसले, कुणी काही सांगितलेलं नसताना! मध्ये एकदा श्वास कमी पडेलसं वाटलं, पण तोही पुरला. मला कळत होतं की मी चांगली वाजवतेय. आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्वतःशी कबूल केलं आणि तरीही सूर चुकला नाही.

संपलं तेव्हा क्षणभर काहीच नाही. मग असा टाळ्यांचा गजर झाला की मी एक पाऊल मागे सरले. लोक उभे राहिले. "आणखी एक!" मागून कुणी ओरडलं, मग सगळेच.

मी माइकपाशी गेले. "माझी तयारी आहे, पण यातला एक भाग मी उसना आणलाय. मालकिणीला विचारावं लागेल."

दुसऱ्या रांगेत भिंगरी बाबाच्या खांद्यावर उभी होती. तो बसच्या गणवेशातच पळत आला होता. तिनं थोडा विचार केला, मग एक बोट वर केलं. सगळं नाट्यगृह हसलं. मी आणखी एक वाजवलं.

व्यवस्थापक बाई आत आल्या त्या हात पुढे करूनच. "पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच ठरवूया." मी तारीख सांगितली, आणि त्या दिवशी पालकांची बैठक नाही याची नवऱ्याकडून आधी खात्री करून घेतली.

घरी जाताना नंबराचं विचारलं. नव्हता आला. पहिला ज्वालामुखीला गेला होता. "जाऊ दे," भिंगरी म्हणाली, "त्याला तर दारच नव्हतं."

सकाळी तिनं सावळी दारात परत बसवायला शाळेत नेली. प्रदर्शन संपेपर्यंत दार तिचं, असा आमचा करार झाला. ती शाळेत गेल्यावर मला पेटी पुसायला जुना कपडा हवा होता. स्टूल घेतलं, माळ्यावर डोकावले. पेटीपुरती जी मोकळी जागा होती, तिथे जुन्या रजया, रिकामे डबे, फुटका टेबलपंखा, सगळं काठोकाठ कोंबलेलं. बोट शिरायला जागा नव्हती.

"आई, हे कधी भरलंत?"

"काल. तू निघत होतीस तेव्हा."

"म्हणजे कार्यक्रमाच्या आधी? आणि तो बिघडला असता तर?"

सासूबाई दूध तापवत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तर खालीच राहिली असती पेटी. वर जागा कुठाय?"

माझ्या तोंडात रीड नव्हती. तरी मला काही बोलता आलं नाही.