गुंडीचा सदरा

"काका, मुदत परवाच संपली," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "सात दिवस होते तुम्हाला. आज नववा."

मास्तरांनी काखेतली पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीत प्राण्यांच्या डॉक्टरचे कागद होते आणि गुंडीसाठी शिवलेला नवा सदरा.

"अहो, पण मी फोनची वाट बघत होतो. तुमची माणसं म्हणाली होती, तपासून कळवतो."

"तुम्ही हरकत नोंदवली असती तर कळवलं असतं. त्या कागदावर लिहिलंय सगळं."

लिहिलं होतं खरं. वाचलंही होतं.

गुंडी ही मास्तरांची कुत्री. अकरा वर्षांची, डाव्या डोळ्यानं अधू. दिवसभर दुकानात शिलाई मशीनखाली त्यांच्या पायाशी निजायची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पाठीवर चट्टा उठला. ती तो चाटून चाटून लाल करी, म्हणून मास्तरांनी उरलेल्या अस्तराचा सदरा शिवून तिला घातला. औषध चालू होतं, पण अन्न अंगी लागत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला काय दिसणार? हाडं वर आलेली, चिंध्या पांघरलेली, मशीनच्या पायाला बांधलेली कुत्री! कुणीतरी तक्रार केली आणि प्राणी कल्याण खात्याची दोन माणसं गाडी घेऊन आली. त्यांनी सदरा सोडला, चट्टा पाहिला. "जखम झाकून ठेवता होय?" एकानं विचारलं.

"औषध चालू आहे हो!"

"कागद?"

कागद घरी होते. गुंडीचं कंबरडं दुखतं म्हणून मास्तरांनी स्वतःच तिला उचलून गाडीत ठेवलं. माणसांनी हरकतीच्या मुदतीचा गुलाबी कागद दिला आणि गाडी निघून गेली.

दुकानासमोर राहणाऱ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी तो कागद वाचला. बाईंनी कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेली. "मास्तर, आजच्या आज जा. कुत्री तुमची आहे. हरकत घ्यायचा हक्क आहे तुम्हाला, तिला भेटायचाही आहे. औषधाचे कागद तोंडावर फेका त्यांच्या!"

"बाई, कामाच्या माणसाच्या मागं लागलं की काम बिघडतं. सांगितलंय ना त्यांनी, कळवतो म्हणून."

"अहो, हे काय पाटलोण शिवायला टाकलीय का?"

बाई चिडून गेल्या. पण मास्तर अनुभवाचं बोलत होते, दुर्दैवानं तो त्यांचा स्वतःचाच अनुभव होता. चाळीस वर्षांत तारखेआधी जो कुणी "झालं का?" विचारायला आला, त्याचा कपडा त्यांनी गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता. घ्या म्हणावं, आता बसा! त्या खात्यातही कुणीतरी आपल्यासारखाच खडूस असला आणि त्यानं गुंडीला असंच तळाशी सरकवलं तर? या भीतीनं ते सात दिवस दुकानात बसून राहिले. फोन शेजारी ठेवला, सदरा शिवला. आठव्या दिवशीही फोन वाजला नाही, तेव्हा कुठं धीर सुटला. बैल गेला अन् झोपा केला.

"आता कुठंय ती?" त्यांनी विचारलं.

"काल एका कुटुंबानं नेली. चांगली माणसं आहेत. पत्ता नाही देता येणार." मुलीनं आवाज खाली आणला. "काका, बाकीचे मालक रोज येतात. भांडतात, रडतात, आम्हाला शिव्या घालतात. तुम्ही एकदाही फिरकला नाहीत. आम्हाला वाटलं, नकोच असेल यांना."

नकोच असेल? गुंडीलाही तसंच वाटलं असेल का?

मास्तरांनी पिशवीतून सदरा काढून पुढं केला. "एवढा पोचवाल? बटणं पाठीवर लावलीत, पोटाकडची ती चावते. आणि त्यांना सांगा, जवळ जाताना उजव्या बाजूनं जा म्हणावं. डावीकडून गेलं की दचकते."

मुलीनं ते सगळं लिहून घेतलं. डॉक्टरचे कागदही ठेवून घेतले.

दुकान उघडून मास्तर बसतात न बसतात तोच एक गिऱ्हाईक बाई दारात आली. आपल्या मुलीचा झगा शिवायला टाकला होता तिनं. तिला मास्तरांचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "रागावू नका हं मास्तर. माहितीय, तारीख परवाची आहे. सहज विचारायला आले."

मास्तर उठले. गठ्ठ्याच्या तळाशी हात घालून त्यांनी झगा ओढून काढला. ती मागच्या आठवड्यातही एकदा येऊन गेली होती.

"विचारत जा," ते म्हणाले. "रोज येऊन विचारत जा. तुमचा हक्क आहे तो. बसा, खालची पट्टी तेवढी राहिलीय, आत्ता घालून देतो."

बाई बिचकत स्टुलावर बसली. मास्तरांनी चष्मा पुसला, दोरा ओवला आणि मशीन सुरू केलं. पाय मात्र जपून, जरा कडेलाच ठेवले.